सावलीत चांदी नसेल तर डेव्हलपर काय करणार?

घरी कृष्णधवल फिल्मचा रोल धुणाऱ्या नवख्यांचा एक गैरसमज आधी काढून टाकतो. कमी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात कमी प्रकाश, दिलेला रोल डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) जास्त वेळ ठेवला की सावलीतले तपशील येतात, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. येत नाहीत.

फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर, इमल्शन, म्हणजे जिलेटिनमध्ये रुतलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक, सोबत थोडं आयोडाइड. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या एखाद्या संवेदनशील ठिपक्यावर अडकतो, फिरता सिल्व्हर आयन तिथे पोहोचतो आणि चांदीचा एक अणू बनतो. गर्नी आणि मॉट यांनी 1938 मध्ये हे मांडलं. असे चारेक अणू एकत्र जमले की डेव्हलपर तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलू शकतो. एकटा अणू टिकत नाही, विरून जातो.

आता एचपी5 प्लस या 400 स्पीडच्या (प्रकाशसंवेदनशीलतेच्या) फिल्मचा रोल 1600 चा समजून काढला असं धरा. प्रकाश पाव पट. आयडी-11 डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (जादा पाणी न मिसळता) 20 अंशांना 400 साठी साडेसात मिनिटं लागतात, 1600 साठी 14. त्या वाढीव वेळात उजेडाच्या आणि मधल्या छटा दाट होतात, कारण तिथे चांदीच्या अणूंचे ठिपके तयार आहेत. गडद सावलीत ते जमलेलेच नसतात. अजून ताणलं तर प्रकाश न लागलेले स्फटिकही काळे पडू लागतात. त्याला फॉग म्हणतात, तपशील नव्हे.

चूक कुठे झाली ते फिल्मच्या कडेवरच्या आकड्यांवरून ओळखा. ते कारखान्यातच एक्स्पोज झालेले असतात. आकडे ठसठशीत पण चित्र फिकं, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. दोन्ही फिकं, तर डेव्हलपिंग कमी पडलं. जो गुरू निगेटिव्हची ही कड न बघता नुसता मिनिटं वाढवायला सांगतो, त्याचं ऐकू नका.

एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याच प्रकाशाने, चुकलेल्या रोलला मात्र घाबरू नका. कडक (जास्त कॉन्ट्रास्टच्या) ग्रेडच्या कागदावर बरा प्रिंट निघतो.

उन्हाळ्यात नळाचं पाणी 30 अंशांवर जातं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, बाटलीच्या भोवती ठेवा, आणि फिक्सर (डेव्हलप न झालेले स्फटिक विरघळवणारं रसायन) व धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाच्या आसपास आणा. फिक्सर आधी फिल्मच्या कापलेल्या तुकड्यावर तपासा: तुकडा पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तो फिक्सर बाद.