ली चोंग वेईचे पाय कसे बघायचे आणि मग कोर्टवर कसे आणायचे

फोन आडवा धरा, मलेशियाचा बॅडमिंटनपटू ली चोंग वेई याची कुठलीही जुनी मॅच लावा आणि स्क्रीनचा वरचा अर्धा भाग एखाद्या जुन्या पाकिटाने झाकून टाका, म्हणजे शटल दिसणार नाही, पलीकडचा प्लेयर दिसणार नाही, दिसतील ते फक्त अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे पाय. आवाज मात्र बंद करू नका, तो लागणार आहे. पहिली दोन मिनिटं काहीच कळत नाही कारण आपल्या डोळ्यांना शटलच्या मागे मागे फिरायची सवय असते, पण जरा दम धरला की लक्षात यायला लागतं की अरे, हा माणूस पळतच नाहीये.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, वीसेक वर्षं झाली रोज पहाटे साडेपाचला बॅडमिंटन हॉलवर जातो. तिथे लीचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय स्पीड होता भिया!" मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होतो. पण आता मला वाटतं की स्पीड म्हणून आपण चुकीच्या गोष्टीचं कौतुक करतो आणि म्हणूनच त्यातलं काहीच आपल्या खेळात येत नाही. तो वेळेवर निघायचा आणि वेळेवर थांबायचा, या दोन गोष्टी. मधलं अंतर तर सगळ्यांना सारखंच असतं.

अंतराचंच बघा ना. सिंगल्सला आपल्या बाजूचं कोर्ट ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद, म्हणजे अगदी मधोमध उभं राहिलं तर कुठलाही कोपरा साधारण सव्वाचार मीटरवर येतो. त्यातून रॅकेट आणि हात वजा करा, शेवटचा लांब लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून गुडघ्यात वाकणं, तेही वजा करा, उरतात किती, तर दोन किंवा तीन पावलं. दोन-तीन पावलांत कोण किती पळणार? तिथे फरक पडतो तो पहिलं पाऊल कधी उचललं यानेच. हे मी एकदा टेप घेऊन हॉलवर मोजलं तेव्हा मला स्वतःला पटलं, तुम्हीही मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मॅच कुठली बघायची हे महत्त्वाचं आहे. मी तीन सांगतो. २०११ ची वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, लंडनच्या वेम्बली अरीनातली, चीनच्या लिन डॅनकडून हरला तो २२-२०, १४-२१, २१-२३, पण पाय बघायला याहून चांगली मॅच नाही. दुसरी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची सेमीफायनल, पुन्हा लिन डॅनच, पहिला गेम १५-२१ गेला आणि मग २१-११, २२-२० घेऊन ली जिंकला. आणि तिसरी २०१७ च्या ऑल इंग्लंड स्पर्धेची फायनल, लीचं वय ३४, समोर २१ वर्षांचा शी युची, आणि स्कोअर २१-१२, २१-१०. ऑलिम्पिकची तीन सिल्व्हर, चार ऑल इंग्लंड, ३४९ आठवडे वर्ल्ड नंबर एक, हे सगळं लोकांना पाठ असतं, पण त्या ३४ व्या वर्षीच्या फायनलमध्ये पाय किती शांत आहेत ते फार कमी लोकांनी नीट बघितलंय. टीव्हीचा कॅमेरा कोर्टच्या मागे उंचावर असतो, त्यामुळे ज्या गेममध्ये ली अलीकडच्या बाजूला आहे तोच गेम निवडा, प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात आणि तिसऱ्या गेममध्ये ११ वर बदलतात, तेवढं लक्षात ठेवलं की पुढे-मागे करता येतं. कॉम्प्युटरवर बघत असाल तर यूट्यूब पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबा, एकेक फ्रेम मागे-पुढे सरकते. फोनवर स्पीड पाव करा.

आता आवाज. पाकीट लावलेलंच आहे, फक्त ऐका. एक टक् लीच्या रॅकेटची, एक टक् समोरच्याची. समोरच्याची टक् व्हायच्या अगदी जरासं आधी ली हलकेच वर उचलला जातो, उडी नाही ती, टाचा तेवढ्या सुटतात, आणि टक् झाली न झाली तोच खाली येतो, पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. हीच ती स्प्लिट स्टेप. आता फ्रेम-फ्रेम करून बघितलं तर अजून एक मजा दिसते की पुष्कळदा दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय क्षणभर आधी टेकतो आणि तोच ढकलून देतो, म्हणजे खाली येणं आणि निघणं वेगवेगळं राहतच नाही. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरातल्या फरशीवर उभं राहून करायला लागलो, बायको आतून विचारतेय काय पडलं म्हणून.

एका रॅलीत, म्हणजे एक पॉइंट संपेपर्यंत, किती स्प्लिट होतात ते मोजा, बोटांवर मोजा. समोरच्याचे जितके शॉट तितके बहुतेक स्प्लिट. आणि मग आपल्या हॉलवर कुणाचाही गेम बघा, पहिले दोन शॉट स्प्लिट होते, मग दमलो की बंद, आणि मग आपण म्हणतो की आज पाय चालत नाहीयेत.

लंजबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे मी स्वतः दुखणं ओढवून घेतलं होतं. लीचा लंज बघून मी त्याची लांबी उचलली, नेटजवळ लांबच लांब पाय टाकायचो, पण पंजा आत वळलेला असायचा आणि गुडघा आतल्या बाजूला पडायचा. दीड महिना घरी बसलो, गुडघा सुजलेला. फिजिओने मला पायाची दिशा दाखवली तेव्हा घरी येऊन मी तेच व्हिडिओ पुन्हा लावले आणि काय दिसलं, तर लीची टाच आधी टेकते, मग पंजा, बोटं जिकडे शटल तिकडे, आणि गुडघा बरोबर पंजाच्या वर, आत नाही बाहेर नाही. डावा हात मागे पसरलेला, त्यानेच तोल राहतो. आणि मागचा डावा पाय! तो उचलत नाही, तो घासत पुढे येतो, अंगठ्याच्या आतल्या कडेने, ब्रेक लावल्यासारखा. एखादा जुना सिंगल्सवाला भेटला, उजव्या हाताने खेळणारा, तर त्याचा डावा बूट हातात घेऊन बघा, अंगठ्याकडची कड झिजून गुळगुळीत झालेली असते आणि बाकी बूट चांगला असतो. माझ्या बुटाची ती कड अजून नवीकोरी होती.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी पंजाची दिशा, मग टाच, मग मागच्या पायाचं घासणं, आणि लांबी सगळ्यात शेवटी. टी-शर्टवर नाव लिहिलं म्हणून लंज लीचा होत नाही, हे मी आमच्या हॉलवरच्या पोरांना नेहमी सांगतो.

मागच्या कोपऱ्यातलं काम वेगळं. बॅकहँडच्या म्हणजे डाव्या कोपऱ्यात टॉस, म्हणजे उंच उडवलेला शॉट, आला तर ली शक्यतो अंगाला वळसा घालून डोक्यावरूनच मारायचा, हवेत दोन्ही पाय कात्रीसारखे जागा बदलतात, डावा मागे जाऊन आधी टेकतो आणि टेकल्या टेकल्या पुढे ढकलतो. इथे पाकीट काढून टाका आणि पूर्ण स्क्रीन बघा, कारण इथेच त्याची सगळी स्टाईल आहे. स्मॅश मारला की बहुतेकांचं काम संपतं, उभे राहून बघतात कुठे पडला. लीचं काम तिथे सुरू व्हायचं, स्मॅश मारून खाली येतानाच तो नेटकडे निघालेला असायचा, समोरच्याने कसाबसा ब्लॉक केला की हा आधीच तिथे हजर. समोरच्याला वाटत असेल की कोर्टवर दोन जण आहेत. मला त्याचा हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि कितीही वेळा बघितला तरी अंगावर काटा येतो.

आणखी एक, मध्यावर परत येण्याबद्दल. आपल्याकडे शिकवतात की शॉट मारा आणि मधे या, आणि आपण खुणेवर येऊन उभे राहतो. ली मधे म्हणजे अगदी मधे येतोच असं नाही. उजव्या मागच्या कोपऱ्यातून सरळ ड्रॉप, म्हणजे नेटजवळ पडणारा अलगद शॉट, टाकला तर तो थोडा उजवीकडेच राहतो, कारण तिकडून सरळ येणारं उत्तर सगळ्यात लवकर पोचतं. नेटवर चांगला ड्रिबल, म्हणजे नेटलगत हलकेच टाकलेला शॉट, पडला तर पुढेच राहतो. एका रॅलीत तो कुठे कुठे थांबला त्याचे ठिपके कागदावर काढा, बिंदू एकावर एक पडत नाहीत, विखुरलेले दिसतात.

आता कोर्टवर आणायचं कसं. खरं सांगायचं तर आधी गच्चीवर. माझा भाचा आहे, चौदा वर्षांचा, रविवारी आम्ही दोघं गच्चीवर जातो, खडूने मधली खूण आणि भोवती सहा कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात तुटकं शटल. नुसता शॅडो, म्हणजे शटलशिवाय फक्त पायांचा सराव, केला तर पाय आधीच ठरवून निघतात, कारण कुठे जायचं ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळे त्याचा उपयोग निम्मा. म्हणून भाचा समोर उभा राहतो, टाळी वाजवतो आणि त्याच क्षणी कोपऱ्याकडे बोट करतो. टाळी म्हणजे समोरच्याची टक्. टाळीला मी खाली आलेलो असायला हवं. उशीर झाला की तो ओरडतो, "मामा, लेट!" वीस सेकंद करायचं, चाळीस सेकंद थांबायचं, असे आठ राउंड, त्याहून जास्त नाही, कारण दमल्यावर केलेला स्प्लिट चुकीचा बसतो आणि तोच अंगात मुरतो. सिमेंटवर उड्या मारू नका, कात्री वगैरे हॉलमध्ये लाकडी फ्लोअरवर किंवा मॅटवरच. आणि बूट गम सोलचेच घाला, रनिंगच्या बुटांची टाच जाड असते, लंजमध्ये घोटा वळतो. घोटा किती महाग पडतो ते लीलाच विचारा, २०१२ च्या मेमध्ये थॉमस कप या सांघिक स्पर्धेत डेन्मार्कच्या पीटर गेडविरुद्ध खेळताना त्याच्या घोट्याला मार लागला आणि तीनच महिन्यांनी ऑलिम्पिक फायनल होती, तिसऱ्या गेममध्ये १९-२१ ने गेली.

हॉलवर पहिले पंधरा दिवस गेम जिंकायचा विचार सोडा. एका दिवशी एकच गोष्ट, आज फक्त टक् ला खाली येणं, उद्या फक्त पंजाची दिशा. पार्टनरला आधी सांगून ठेवा नाहीतर त्याला वाटेल तुम्ही मन लावून खेळत नाही. आमच्या शेजारच्या धारचा प्रियांशु राजावत २०२३ मध्ये फ्रान्समधली ऑर्लिआँ मास्टर्स स्पर्धा जिंकला तेव्हापासून आमच्या हॉलवर पोरं वाढलीत, सगळ्यांना पहिल्या दिवशी जंप स्मॅश पाहिजे, मी त्यांच्या हातात रॅकेट द्यायच्या आधी दहा मिनिटं टाळीवर नाचवतो, कुरकुर करतात पण महिन्याभरात फरक दिसतो.

महिन्याने स्वतःचा व्हिडिओ काढा. फोन कोर्टच्या मागे, बाकावर बॅगेला टेकवून, दोन गेम सलग. घरी आल्यावर तेच पाकीट घ्या, वरचा अर्धा झाका, आवाज चालू ठेवा आणि समोरच्याची टक् आणि तुमचा स्प्लिट जुळतोय का बघा. माझा पहिल्या महिन्यात दहातून चार वेळा जुळत होता, आता सहा-सात वेळा जुळतो, तिसऱ्या गेममध्ये अजूनही कमी होतो. भाच्याने आता नवीन काम काढलंय, पुढच्या रविवारी रिओची सेमीफायनल पुन्हा लावायची आणि या वेळी लिन डॅनचे पाय बघायचे, तो डावखुरा, म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसणार.