पद्मिनीला डिस्क ब्रेक लावताय? आधी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी ज्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती, त्या काळात चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबतात ते) असण्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. 1089 सीसीचं इंजिन, रस्त्यावर पुढे-मागे तशाच गाड्या, सगळ्यांचं थांबण्याचं अंतरही साधारण सारखंच. आज तुमच्या पुढची गाडी एबीएसवाली (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेली) असते आणि ती जागच्या जागी उभी राहते. त्यामुळे जुनी पद्मिनी घरी आणून तिच्यावर काम सुरू करणारा प्रत्येक जण लवकरच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात ते) बसवायच्या विचारापर्यंत येतो. विचार योग्य आहे. कामाचा क्रम मात्र बहुतेकांचा चुकतो.

मूळ दुखणं न शोधता डिस्क लावणं

‘ब्रेक लागत नाही’ म्हणून डिस्क लावायला निघालेल्या गाडीचे ड्रम उघडून बघा. शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर गळून शूवरचे लायनर (घर्षणाचं अस्तर) ब्रेक ऑइलने भिजलेले, शू वर्षानुवर्षं अ‍ॅडजस्ट न केलेले, ड्रमला लेथवर इतक्यांदा टर्निंग मारलेलं की नवा शू फक्त मधोमध टेकतो आणि दोन्ही टोकं कोरी राहतात. हे तसंच ठेवून पुढे डिस्क बसवली तर मागचे ड्रम आजारीच राहणार, आणि गाडी थांबवायला चारही चाकं लागतात.

आधी ड्रम मूळ अवस्थेत आणा आणि काही दिवस गाडी तशीच चालवा. शहरापुरती वापरायची असेल तर नीट अ‍ॅडजस्ट केलेले ड्रम पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. खरा फरक पडतो तो कसारा किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लायनरची पकडही तापून कमी होते, आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क उघड्या हवेत फिरते, तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. घाटात जाणार असाल तर डिस्क जरूर लावा.

ड्रम उघडल्यावर आतली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. शेजारी काम करणाऱ्या पोऱ्यालाही हे सांगा, त्याला सहसा कुणी सांगत नाही.

कॅलिपर नवे, मास्टर सिलिंडर जुनाच

कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन व्हील सिलिंडरच्या पिस्टनपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून त्याला हलवायला ऑइलही जास्त लागतं. पेडलने ऑइल ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलू शकत नाही आणि पेडल लांब जातं. मग गॅरेजवाला म्हणतो, हवा राहिली असेल. हवा नसतेच.

याचं दुसरं टोकही वाईट. मिळेल तो मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर लावला तर पेडल दगडासारखं होतं. बोअर 19.05 मिमीवरून 20.64 मिमी केला, तर एका दाबात साधारण 17 टक्के जास्त ऑइल जातं, पण तेवढाच दाब तयार करायला पायालाही 17 टक्के जास्त जोर लावावा लागतो. ड्रममध्ये फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचं काम हलकं होतं. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. म्हणूनच डिस्कबरोबर बहुतेक वेळा बूस्टरही (पायाचा जोर वाढवणारा भाग) बसवावा लागतो.

जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अनेकदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाइपमध्ये साधारण 10 पीएसआय दाब कायम धरून ठेवतो. ड्रमच्या सिलिंडरमधले रबर कपांच्या कडा सिलिंडरला घट्ट चिकटून राहाव्यात म्हणून तो दिलेला असतो. पुढच्या डिस्कच्या लाइनमध्ये तो राहिला, तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क तापते, पेट्रोल जास्त जातं. पुढच्या लाइनमधून तो काढा, मागे ड्रमच असतील तर तिथे राहू द्या.

तुमच्या गाडीत सिंगल सर्किट असेल, म्हणजे एकाच सिलिंडरमधून चारही चाकांना ऑइल जात असेल, तर एक होज (रबरी नळी) फुटला की चारही ब्रेक एकदम गेले. सिस्टिम उघडलीच आहे तर टँडम (दोन वेगळे कप्पे असलेला) मास्टर सिलिंडर बसवून पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं करा. पैसे एकाच कामाला पुरत असतील तर माझा कौल टँडमला. डिस्क वर्षभराने लावल्या तरी चालतील.

ब्रेक जाम होतो, आणि मग सगळंच बदललं जातं

नवीन काम झालेली गाडी दहा-पंधरा मिनिटं बरी चालते, मग जड होते, चाकातून जळका वास येतो. गॅरेजमध्ये कॅलिपर बदलला जातो, मग पॅड, मग पुन्हा कॅलिपर. एक स्पॅनर घेऊन दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. जाम अवस्थेतच चाक जॅकवर घ्या आणि मास्टर सिलिंडरपाशी पाइपचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष वर आहे: बूस्टरचा किंवा पेडलचा पुशरॉड (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब आहे, पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीकडे परत जायचं छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, जायला जागा नाही, ब्रेक आपोआप लागतो. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी मोकळीक हवी, ती नसेल तर बाकी काहीही बदलून उपयोग नाही.

वर सैल करून चाक सुटलं नाही, तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. आता सुटलं तर दाब मधे अडकला होता. बहुतेकदा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण मागे यायला वाट नसते. बाहेरून असा होज नव्यासारखा दिसतो, म्हणून जुने होज दिसायला कितीही चांगले असले तरी बदलाच. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजलेल्या आहेत. पिनांना रबर सहन करेल असं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने पिनांवरची रबरी टोपणं (बूट) फुगतात.

पाइप आणि आटे

या कामातली सगळ्यात धोकादायक चूक डोळ्याला दिसतच नाही. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र आले की आट्यांची सरमिसळ होते. मेट्रिक एम10 बाय 1 चा नट आणि इंची तीन-अष्टमांश 24 आट्यांचा नट शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. एकाचा व्यास 10 मिमी, दुसऱ्याचा 9.525. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) अनुक्रमे 1 मिमी आणि 1.058 मिमी. इंची नट मेट्रिक भोकात हाताने आरामात शिरतो, थोडा डुगडुगतो, पाना लावला की घट्टही वाटतो. मग एके दिवशी जोरात ब्रेक मारताना आटे सुटतात. प्रत्येक नट थ्रेड गेज लावून तपासा. गेज नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडे जा, त्याच्याकडे असतो.

पाइपच्या टोकाला जशी बैठक असेल तसाच फ्लेअर (पाइपचं फुलवलेलं टोक) हवा. डबल फ्लेअरच्या जागी बबल फ्लेअर चालत नाही. फ्रिज-एसीवाल्याकडून आणलेला शुद्ध तांब्याचा पाइप वापरायला सोपा असला तरी कंपनाने कडक होऊन तडकतो. स्टीलचा किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा ब्रेक पाइपच घ्या. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे दोन्ही तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, चाक लटकवून बघा आणि टेकवूनही बघा. कुठे घासत असेल तर ते आत्ता दिसेल.

हवा निघतच नाही

ओळखीतल्या एका पद्मिनीत लिटरभर ऑइल ओतून झालं, दोन माणसं आलटून पालटून पंप मारून दमली, तरी पेडल स्पंजसारखंच. निपल कुठे आहे बघितलं तर कॅलिपरच्या खालच्या अंगाला. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. हवा वर साठते, निपल खाली, मग ती निघणार कशी? अदलाबदल केली आणि काही मिनिटांत पेडल वर आलं. निपल नेहमी सगळ्यात वर हवा.

ब्लीड करायच्या (हवा काढायच्या) आधी मागचे शू अ‍ॅडजस्ट करा. ते लांब असले तर पेडल खाली जातं आणि तुम्ही उगाच हवेच्या मागे लागता. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असेल तर क्रम सरळ आहे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. सिलिंडर जुना असेल तर पेडल तळापर्यंत दणादण मारू नका. जिथे पिस्टन कधी गेलाच नव्हता तिथे गंज असतो आणि तो रबर कापतो.

ऑइल, पेट्रोल आणि केरोसिन

सिलिंडर पेट्रोलमध्ये धुवायची गॅरेजमधली सवय ब्रेकच्या कामात घातक आहे. पेट्रोल, केरोसिन, इंजिन ऑइल यांपैकी काहीही लागलं की ब्रेकचे रबर फुगतात. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ब्रेक ऑइलचे डॉट 3 आणि डॉट 4 हे प्रकार एका जातीचे आहेत. डॉट 5 सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळू नका. डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, म्हणून उघडा राहिलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नका आणि दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

रंगरंगोटी

कॅलिपर लाल केलेले छान दिसतात, मलाही आवडतात. पण पॅड जिथे सरकतात त्या कडा, पिना, निपलचं तोंड आणि पिस्टनचा बूट झाकूनच रंग मारा. पावडर कोटिंग साधारण 200 अंशांना भाजतात, त्यामुळे सील आत ठेवून कॅलिपर दिला तर सील गेले. त्याहून गंभीर चूक म्हणजे हबच्या आणि ड्रमच्या ज्या चेहऱ्यावर चाक टेकतं तिथे जाड रंग चढवणं. रंग दबतो आणि चाकाचे नट सैल होतात. तो चेहरा उघडा धातूच असू द्या. हबवरचा गंज ब्रशने काढूनच डिस्क बसवा आणि डायल गेज (डुलणं मोजणारं यंत्र) लावा, डिस्क 0.1 मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर पुढे पेडल थरथरणार. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसायला विसरू नका.

मागची चाकं आधी लॉक होणं

बूस्टर लावला की लाइनमधला दाब वाढतो, तो मागच्या ड्रमलाही मिळतो. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि लॉक होतात. मग गाडी फिरते. मागच्या लाइनमध्ये अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब मर्यादित करणारा) लावा, पुढच्या लाइनमध्ये कधीच नाही. मोकळ्या, सपाट, ओल्या जागेत कमी वेगाने तपासा, कुणाला तरी बाहेर उभं राहून चाकं बघायला सांगा. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत.

कागदपत्रांचंही आधीच बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठे फेरबदल नसावेत अशी अट आहे. काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओत विचारून घ्या, आणि काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका.

पॅड बसायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, थोडं चालवून थंड होऊ द्या, असं बऱ्याच वेळा करा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा, प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवून ओल बघा, टाकीतली पातळी बघा, मागचे शू परत जवळ घ्या. घाटाचा बेत त्यानंतरच ठरवा.