आठ फुटांच्या पट्टीतलं बांबूचं बेट

नेरुळमधल्या आमच्या रो-हाऊसच्या मागे आठ फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. त्यापुढे कंपाउंडची भिंत आणि भिंतीला लागून शेजाऱ्यांची मोरी. या पट्टीत मी २००९ साली पहिला बांबू लावला आणि २०१४ साली दोन माणसं आणून पारई-कुदळीने तो खणून काढला. आज तिथे जे माणगा जातीच्या बांबूचं बेट उभं आहे ते त्यानंतरचं. दुपारी दोन वाजता मागचं दार उघडलं की आत जो गारवा येतो, त्यासाठी मी तो सगळा त्रास पुन्हा घेईन. पण तुम्हाला तो घ्यावा लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

पहिला बांबू होता तो पिवळा, कांड्यांवर हिरव्या रेघांचा. नर्सरीत काळ्या पिशवीत तीन फुटांचं रोप होतं, काठी पेन्सिलीएवढी. मी ते भिंतीपासून दोन फुटांवर लावलं. पाचव्या वर्षी त्याची काठी माझ्या मनगटापेक्षा जाड झाली होती आणि शेंडे दुसऱ्या मजल्याच्या वर गेले होते. बेटाच्या कंदांनी भिंत खालून रेटली, तिला आडवी भेग गेली, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण एका बाजूने उचललं गेलं. शेजारच्या काकूंनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण त्यांच्या मोरीकडची भेग मी रोज बघत होते.

तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. बांबू हे गवत आहे. झाडाचं खोड दरवर्षी जाड होतं, बांबूची काठी होत नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड बाहेर येतो तेवढीच ती काठी जन्मभर जाड राहते आणि दोन-तीन महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठते. वाढतं ते बेट: दर पावसाळ्यातले कोंब आदल्या वर्षीच्या कोंबांपेक्षा जाड येतात, जातीची पूर्ण जाडी येईपर्यंत. त्यामुळे पिशवीतलं रोप बघून काहीच कळत नाही. नर्सरीत एकच प्रश्न विचारा: याची पूर्ण वाढलेली काठी किती जाड होते? उत्तर तीन-चार इंच असेल तर ती जात फार्महाऊससाठी.

रो-हाऊसला चालणाऱ्या जाती मोजक्या आहेत. नुसता आडोसा हवा असेल तर कुंपणाचा बांबू, नर्सरीत याला मल्टिप्लेक्स म्हणतात. काठी बोटाएवढी, पानं बारीक, तीन-तीन फुटांवर रोपं लावली की तीन वर्षांत दाट भिंत होते. भिंतीपासून तीन फूट पुरतात. पट्टी जरा रुंद असेल तर आमचा कोकणातला माणगा घ्या. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं, तिथे शेताच्या बांधाला माणगाच असतो. काटे नाहीत, काठी खाली जवळजवळ भरीव, इंच-दीड इंच जाड. मी तो पट्टीच्या मधोमध, भिंतीपासून चार फुटांवर लावला, आणि मधे मोकळी जागा ठेवली. कळक मात्र घराजवळ नको. तो खरा डोंगरातला बांबू, त्याच्या आडव्या काटेरी फांद्यांत हात घालता येत नाही. आणि काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवतात तो लकी बांबू मुळात बांबूच नव्हे, ते ड्रॅसिनाचं रोप आहे. ते कधी जमिनीत लावून आडोशाची वाट बघू नका.

आपल्याकडचे बहुतेक बांबू बेट करून राहतात, म्हणजे नवा कोंब जुन्या काठीला लागूनच येतो. थंड प्रदेशातल्या काही जातींची मुळं मात्र हरळीसारखी लांब पळतात आणि दहा फुटांवर डोकं काढतात. शोभेचा म्हणून असा पळणारा बांबू कुणी दिला तर जमिनीत लावायचा नाही, मोठ्या कुंडीतच ठेवायचा.

लावायची वेळ जूनचा पहिला-दुसरा आठवडा, दोन चांगले पाऊस झाल्यावर. खड्डा मात्र मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यायचा. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. नवी मुंबईत खणायला लागलं की काय निघतं ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे: मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. आमच्या एका खड्ड्यातून चौदा घमेली डबर निघालं. ते परत आत टाकू नका. दोन घमेली लाल माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं रेती आणि दोन मुठी निंबोळी पेंड, याच प्रमाणात खड्डा भरायचा आणि वर वीतभर उंचवटा करायचा. उंचवटा विसरू नका. बांबूला पाणी आवडतं, पण जुलैत चार दिवस पाणी साचून राहिलं तर कंद सडतो.

पहिले दोन उन्हाळे त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. आठवड्यातून दोनदा प्रत्येक रोपाला एक बादली पाणी. तहान लागली की तो स्वतः सांगतो: पान लांबीने मिटून सुरळीसारखं होतं. एप्रिलच्या दुपारी पानं अशी मिटली तर घाबरू नका, संध्याकाळी उघडतात. सकाळी सातला मिटलेली दिसली तर त्याच वेळी पाणी घाला. गळलेली पानं झाडून कचऱ्याच्या गाडीत देऊ नका, बेटाखालीच राहू द्या. त्यांचंच आच्छादन होतं. दर मे महिन्यात बेटाच्या बुडाशी दोन-तीन घमेली माती आणि शेणखताची भर घालायची, कारण नवे कंद दरवर्षी थोडे वर सरकतात आणि उघडे पडले की काठ्या वाऱ्यात डुलतात. एवढं खत पुरतं.

आता मुख्य काम. पहिल्या बांबूच्या वेळी आणि नंतर माणग्यालाही मी दर सहा महिन्यांनी माळ्याला बोलावून बेट बाहेरून गोल छाटून घेत असे. वरून छान दिसायचं, आतमध्ये सुकलेल्या काठ्यांचं जाळं. २०१८ च्या डिसेंबरात मामा कुडाळहून आले होते. चहा प्यायच्या आधी मागे गेले, बेट बघितलं, वाकून आत डोकावले आणि म्हणाले, "भायरसून नको कापू गो, भितरसून काप." मग त्यांनी कोयता मागितला आणि तासाभरात मला शिकवलं.

बेट आतून बाहेर वाढतं. सगळ्यात जुन्या काठ्या मधे, नव्या कडेला. बाहेरून छाटलं की आपण तरणे बांबू मारतो आणि म्हातारे ठेवतो. म्हणून बेटाच्या एका बाजूने, शक्यतो जिथे कोंब कमी येतात तिथून, आत शिरायची वाट करायची. वरून बघितलं तर बेट घोड्याच्या नालेसारखं दिसलं पाहिजे. त्या वाटेने आत जाऊन चौथ्या वर्षात गेलेल्या काठ्या काढायच्या. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या काठीला हात लावायचा नाही, येत्या पावसातले कोंब त्यांच्याच कंदातून येणार असतात.

वय ओळखायचं कसं? या वर्षीच्या काठीवर पेरापेरांना, म्हणजे काठीवरच्या गाठींना, वाळक्या आवरणाच्या पट्ट्या चिकटलेल्या असतात आणि कांड्यावर, म्हणजे दोन पेरांमधल्या भागावर, पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की रेघ उमटते. दुसऱ्या वर्षी आवरणं गळतात, काठी स्वच्छ हिरवी होते, फांद्या भरतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रंग मंदावतो, कांड्यांवर करड्या-पांढऱ्या शेवाळी डागांचे चट्टे येतात, आणि कोयत्याच्या पाठीने टिचकी मारली की टणक आवाज येतो. मी याहून सोपं केलं आहे. दर दिवाळीनंतर त्या वर्षीच्या प्रत्येक नव्या काठीवर कमरेच्या उंचीला ऑइलपेंटचा ठिपका देते: एका वर्षी लाल, पुढच्या वर्षी पिवळा, मग निळा, मग पांढरा. लाल ठिपक्याची पाळी पुन्हा आली की जुन्या लाल काठ्या काढायच्या. नातसुद्धा आता रंग बघून सांगते कोणती तोडायची.

तोडणीचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसात कधीही तोडू नका. कोंब मोडतात, आणि त्या काळात तोडलेल्या काठीत पिठूळपणा जास्त असतो, त्याला भुंगेरा लगेच लागतो. मामा अंधाऱ्या पक्षातच तोडतात. मी थंडीचा नियम पाळते आणि मामा आले की अंधारा पक्षही. पानं-फांद्यांची धूळ आणि नव्या आवरणांवरची बारीक तपकिरी कुसं अंगाला फार खाजवतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

काप कुठे घ्यायचा ते नीट वाचा. जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर, बोटभरसुद्धा जागा न सोडता. कांड्याच्या मधे कापलं तर खाली पोकळ पेला उरतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डास अंडी घालतात. आमच्या पिवळ्या बांबूच्या वेळी हेच झालं. पावसाळ्यात पालिकेची माणसं डेंग्यूसाठी घराघरांत कुंड्या-टायर बघत फिरतात. त्यातल्या एका मुलीने बेटात बॅटरी मारली आणि मला बोलावून दाखवलं: प्रत्येक कापलेल्या खुंटात पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. त्या महिन्यात आमच्या गल्लीत तीन घरांत ताप होता. आजही ते आठवलं की मी सगळे खुंट पुन्हा बघून येते. पोकळ खुंट राहिलाच तर त्यात ओली माती ठासून भरा.

उंची आवरायची असेल तर शेंडा पेराच्या वर कापा. ती काठी पुन्हा वर वाढत नाही, नुसत्या बाजूच्या फांद्या भरतात. मी माणगा पंधरा फुटांवर ठेवला आहे. खालच्या चार फुटांतल्या फांद्या साफ केल्या की बुंधा मोकळा दिसतो, उंदीर-सापाला लपायला जागा राहत नाही. उन्हाळ्यात पानांखाली पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर पाइपच्या जोरदार धारेने धुवा. तेवढ्याने नाही गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी संध्याकाळी फवारा.

जुलैत कोंब भिंतीच्या बाजूला आला तर त्याला मोठा होऊ देऊ नका. फूटभर असताना बुडाशी पायाने रेटला की कडकन मोडतो. आमच्याकडे त्याची भाजी होते. आवरणं सोलायची, आतला पांढरा गर पातळ चिरायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी फेकून भरपूर पाण्यात उकडायचा आणि उकळीचंही पाणी फेकायचं. यात हयगय नको, कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मग भिजवलेले काळे वाटाणे आणि ओलं खोबरं घालून करा.

माझी नणंद ठाण्यात घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर राहते, तिच्या बाल्कनीत दोन बांबू आहेत. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा अर्धा कापून, तळाला सहा-सात भोकं पाडून, विटांवर ठेवलेला. एका अर्ध्या ड्रममध्ये ओली माती भरली की वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, म्हणून ते रेलिंगजवळ न ठेवता खोलीच्या भिंतीलगत ठेवा. जुलैतला वारा तिथे एवढा असतो की काठ्या गजाला सुतळीने बांधाव्या लागतात. कुंडीसाठी बुद्धबेली उत्तम. त्याची मडक्यासारखी फुगलेली कांडी कुंडीच्या ओढगस्तीतच नीट येतात, जमिनीत भरपूर खत-पाणी मिळालं की तोच बांबू सरळ वाढतो. तीन वर्षांनी ड्रम मुळांनी गच्च होतो. जूनमध्ये सगळं बाहेर काढून करवतीने दोन भाग करायचे आणि नव्या मातीत लावायचे.

कुणाकडून बांबूचं रोप किंवा कंद घेणार असाल तर विचारून घ्या की मूळ बेट फुलावर तर आलं नाही ना. अनेक जाती कित्येक वर्षांनी एकदाच फुलतात आणि फुलून मरतात. मिझोरममधल्या मौतक बांबूचं हे चक्र सुमारे ४८ वर्षांचं आहे: १९५८-५९ नंतर तो थेट २००६-०७ च्या सुमारास फुलला. फुललेल्या बेटातून आणलेलं रोपही थोड्याच काळात त्याच वाटेने जातं.

आमच्या माणग्याची रोपं मी दरवर्षी चार-पाच जणांना देते. फेब्रुवारीत दुसऱ्या वर्षाची एकच काठी मुद्दाम काढायची आणि दोन-दोन पेरांचे तुकडे करायचे, पेरावरचे डोळे जिवंत बघून. दोन पेरांच्या मधल्या कांड्यात पोकळी असेल तिथे लहान भोक पाडून पाणी भरायचं, भोकावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि तुकडा डोळे बाजूला येतील असा आडवा, तीन-चार इंच मातीखाली ठेवायचा. सावली आणि ओलावा दिला की साधारण दीड-दोन महिन्यांत कोंब दिसतो. जूनमध्ये पिशवीत घ्या. काढलेल्या जुन्या काठ्यांतली सगळ्यात सरळ एक मी सावलीत उभी वाळवून ठेवते, पाडव्याला आमची गुढी तिच्यावरच उभी राहते. बाकीच्या दोडक्याच्या मांडवाला जातात.