गुलाबाचं नवं कलम: पहिल्या वर्षाची छाटणी

नर्सरीतून आणलेल्या कलमाला बहुतेक वेळा एखाद-दुसरी फांदी आणि टोकाला एक टपोरी कळी असते. आपण भुलतो त्या कळीला, आणि घरी आल्यावर आधी खुडायची तीच. मुळं अजून पिशवीएवढी, पानं मोजून दहा-बारा. एवढ्या भांडवलावर रोपाने फूल पोसलं की बुडाशी फूट यायला बळ उरत नाही. मग वर्षभराने कुंडीत उभी राहते ती काठी.

लावल्यापासून तीन महिने कळी वाटाण्याएवढी दिसली की खुडा. नुसती कळी नको, शेंड्यासकट. फांदीवरून खाली येत पाच पर्णिकांचं, म्हणजे एका देठावर पाच छोटी पानं असलेलं, पहिलं भरलेलं पान शोधा आणि त्याच्या वर तोडा. त्याहून वरच्या, तीन पर्णिकांच्या पानाशी तोडलं तर फूट उदबत्तीच्या काडीसारखी बारीक निघते. पानं मात्र जपा. या वयात रोपाची सगळी कमाई त्यांच्यावरच चालते.

पुढे बुडातून जाड, लालसर, रसरशीत कोंब येतो. हाच झाडाचा सांगाडा. तो एकटाच भराभर वाढून टोकाला कळ्यांचा झुबका काढतो आणि बाकीच्या फांद्या उपाशी राहतात. म्हणून ४०-४५ सेंटिमीटर झाला की त्याचाही कोवळा शेंडा खुडा. फांदी टणकते, दोन-तीन फांद्या फुटतात.

पण कोंब नेमका कुठून आला ते आधी पाहा. खालच्या जंगली रोपावर (खुंटावर) चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फूट येणारा उंचवटा, बसवून कलम करतात. त्या डोळा भरलेल्या जोडाच्या खालून कोंब निघाला असेल तर ती खुंटाची फूट, ठेवली तर कलमाला मारून टाकते. ‘सात पर्णिका म्हणजे जंगली’ ही खूण धरू नका, चांगल्या गुलाबांनाही सात येतात. माती उकरा, फूट मुळाशी धरा आणि खाली ओढून उपटा. कापली तर बुडाचे डोळे शिल्लक राहतात आणि एकीच्या तीन होतात.

खरी छाटणी पाऊस उघडल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. भर पावसात छाटलं की ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येते. पहिल्या ऑक्टोबरात हात आखडता ठेवा: वाळकं, किडकं, एकमेकांवर घासणारं काढा, आणि उंची फार तर एक तृतीयांश कमी करा. गुडघ्याखाली छाटायचं ते दुसऱ्या वर्षी, तीन-चार जाड फांद्या तयार झाल्यावर.

काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर ५ मिलिमीटर, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. वर लांब खुंटी राहिली तर ती वाळून रोग खाली नेते. अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. कापलेल्या फांदीचा गाभा पांढरा दिसायला हवा. तपकिरी असेल तर आणखी खाली या. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवं, चेचलेला काप भरून येत नाही.

कापांवर लगेच बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १० ग्रॅम आणि चुना १० ग्रॅम प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करा, एकूण पाणी १०० मिलिलिटर. लोखंडी भांडं नको, आणि उरलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरू नका. पानं कमी झाल्यामुळे रोप पाणीही कमी पितं, तेव्हा डोळे फुगेपर्यंत पाणी आवरतं घ्या. फुलं साधारण सहा-सात आठवड्यांनी.

वेली गुलाबाला ही खुडणी-छाटणी लावू नका. त्याच्या लांब फांद्या पहिली दोन वर्षं छाटायच्या नाहीत, आडव्या करून बांधायच्या. मग प्रत्येक डोळ्यातून फूट येते.