लिअरचा सातबारा

शेक्सपिअर मराठी पडद्यावर आणायचाय? मग महिनाभर संवादांना हात लावू नका. 'किंग लिअर'वर पटकथा लिहिताना मी लावला होता. वादळातलं स्वगत आधी लिहिलं, झकास जमलं, आणि सगळं कापावं लागलं. माझ्या म्हाताऱ्याला पावसात भिजायला कारणच नव्हतं.

आधी नाटकाची गोष्ट नावं न घालता एका पानात उतरवा. मग एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारा, आपल्याकडे हे घडेल का? माझं घोडं पहिल्याच वाक्याला अडलं. बाप एका मुलीला जमिनीतून वगळतो म्हणे. वडिलोपार्जित जमिनीत तिचा वाटा जन्मानेच असतो, बाप रुसला म्हणून जात नाही. म्हणजे जमीन त्याची स्वकष्टार्जित हवी. ती त्याने कशी कमावली हे लिहिताना त्याचा माज आपोआप सापडला.

दरबाराच्या जागी दुय्यम निबंधकाचं कार्यालय आलं. बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक, जुना दिवाणजी, ऐनवेळी सही करत नाही. तो माझा केंट, म्हणजे मूळ नाटकात राजाला तोंडावर अडवणारा निष्ठावान सरदार.

आता खरी अडचण. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी सांभाळलं नाही तर परत मागता येते. मग लिअर दाद का मागत नाही? वकील अट घालायला सांगतो आणि हा स्वतःच ती खोडायला लावतो: "पोरी माझ्या आहेत." इथे माझा सिनेमा सुरू झाला.

लांब भाषणं ठेवायचीच असतील तर ती तोंडी शोभेल असा माणूस निवडा. 'नटसम्राट'मधला बाप निवृत्त नट आहे, म्हणून त्याची स्वगतं खटकत नाहीत. मल्याळम 'कळियाट्टम'मध्ये (1997) ऑथेल्लो तेय्यम या केरळच्या विधिनृत्याचा कलावंत आहे: अंगात देव असेपर्यंत पूज्य, एरवी खालच्या जातीचा. मूळ नाटकातल्या सेनापतीचा दरारा आणि परकेपणा, दोन्ही एकाच पेशात!

जे बसत नाही ते सरळ टाकून द्या. मल्याळम 'जोजी'त (2021) मॅकबेथच्या चेटकिणी नाहीतच. बापाच्या इस्टेटीची हाव पुरते.

लिअरच्या विदूषकाने मात्र मला छळलं. मूळ नाटकात तो तिसऱ्या अंकानंतर गायबच होतो. माझा विदूषक गावातला न्हावी आहे. म्हाताऱ्याची शेवटची दाढी करतो, पैसे घेत नाही, आणि दुकानाला कुलूप लावून पुण्याची एसटी पकडतो.