झाकली मूठ आणि कानातले हेडफोन

एकटे असताना पुन्हापुन्हा लावायचे आणि खोलीत कोणी आले की घाईघाईने बदलायचे, असे एखादे गाणे बहुतेक रसिकांच्या संग्रही असते. जाझचा किंवा गंभीर रॉकचा जाणकार म्हणून ज्याची ख्याती आहे, त्याच्या फोनमध्ये वेस्टलाइफ, बोनी एम किंवा बॅरी मॅनिलो अशा लोकप्रिय पॉप कलावंतांची गाणी सापडली, तर त्याचा चेहरा मुद्देमालासह पकडल्यासारखा होतो. अशी गाणी सुखाने कशी ऐकावीत, कोठे झाकावीत आणि कोठे झाकू नयेत, याविषयी अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी येथे सांगतो.

सर्वप्रथम, वाटणारी लाज नेमकी कशाची आहे, ते तपासावे. गाणे एकट्याने, आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावे. मग आपल्या ओळखीतला सर्वांत चिकित्सक श्रोता शेजारी बसला आहे अशी कल्पना करून तेच गाणे पुन्हा ऐकावे. पहिल्या खेपेस आनंद झाला आणि दुसऱ्या खेपेस कान तापले, तर गाण्यात काहीही बिघडलेले नाही, कारण दोन्ही वेळा सूर तेच होते आणि बदलला तो केवळ शेजारी. दोन्ही वेळा कंटाळा आला, तर आपल्याला गाणे नव्हे, ते ज्या वयात ऐकले ते वय आवडते, असे समजावे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियर बुर्द्यू यांनी १९७९ साली मांडले, की अभिरुची ही सामाजिक स्थान दाखवण्याची खूण असते आणि ती बऱ्याचदा दुसऱ्यांच्या आवडीला नाक मुरडूनच व्यक्त होते. शेजारच्या त्या काल्पनिक श्रोत्याला एवढे वजन का येते, याचे उत्तर मला त्यात सापडते.

त्या श्रोत्याचे मत किती टिकाऊ असते, हेही पाहून ठेवावे. आबा या स्वीडिश चमूने १९७४ साली ब्रायटन येथे युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गीतस्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्याच देशातील डाव्या विचारांच्या संगीतकारांना त्यांचे संगीत निव्वळ धंदेवाईक वाटत होते. पुढच्या वर्षी स्पर्धा स्टॉकहोमला आली, तेव्हा तिच्या निषेधार्थ एक पर्यायी महोत्सवच भरवण्यात आला. १९८२ नंतर चमू थांबला आणि काही वर्षे त्यांचे नाव घेणे म्हणजे जुनाट, चकचकीत पोशाखांची आठवण काढणे ठरले. मग १९९२ साली इरेजर या जोडीने त्यांची गाणी नव्याने गाऊन ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला, यू टू या प्रतिष्ठित रॉक चमूने स्टॉकहोममधील मंचावर आबाच्याच दोन सदस्यांना बोलावून त्यांचे गाणे गायले, आणि त्याच वर्षी निघालेला निवडक गाण्यांचा संग्रह तुफान खपला. २०१० साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना सन्मानाने आत घेतले. या सगळ्या काळात ध्वनिमुद्रणातला एकही सूर बदललेला नव्हता. ज्याने १९८५ साली ती गाणी चोरून ऐकली, तो फार तर सात वर्षे आधी पोहोचला होता.

काही वेळा मात्र ‘हे संगीत हलके आहे’ या शेऱ्यामागे संगीताशी संबंध नसलेली चीड असते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. तबकडी घेऊन येणाऱ्यास ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. डिस्को ज्या क्लबांमध्ये वाढले, ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांचे होते, आणि त्या रात्रीचा राग केवळ ठेक्यावर होता असे मानणे मला तरी जड जाते. म्हणून एखाद्या कलावंताचे नाव घेताना आपण ओशाळत असू, तर त्याची गाणी प्रामुख्याने कोण ऐकते, हा प्रश्न स्वतःला विचारावा. शाळकरी मुली, मध्यमवयीन गृहिणी किंवा लग्नसमारंभात नाचणारी मंडळी असे उत्तर आले, तर आपली लाज बहुधा त्या श्रोत्यांविषयीची आहे.

यानंतरचे काम सर्वांत आनंदाचे आहे, आणि ते म्हणजे नीट ऐकणे. चोरून ऐकणारा माणूस अर्धवट ऐकतो, कारण त्याचा एक कान दाराकडे असतो. चांगले हेडफोन घ्यावेत, गाणे तीनदा लावावे आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे: एकदा फक्त खालचे, जाड सूर देणारी बास गिटार, एकदा मागचे आवाज, एकदा पालुपद येण्याआधीच्या दोन ओळी. या ओळींतच चतुर गीतकार ताण वाढवत नेतो, आणि म्हणून पालुपद आले की सुटल्यासारखे वाटते. मॅक्स मार्टिन या स्वीडिश गीतकार-निर्मात्याने बॅकस्ट्रीट बॉइज आणि ब्रिटनी स्पिअर्स या पॉप कलावंतांसाठी केलेले काम या दृष्टीने ऐकावे. ते घड्याळजीच्या कामासारखे नेमके आहे. शेवटच्या पालुपदाला पट्टी अचानक वर सरकते, ही युक्ती पुष्कळांना स्वस्त वाटते, आणि वेस्टलाइफची पोरे नेमक्या त्या क्षणी स्टुलांवरून उठून उभी राहत, याची थट्टाही भरपूर झाली. तरीही ती पट्टी चढताना अंगावर काटा येत असेल, तर येऊ द्यावा. शिक या डिस्को चमूच्या १९७९ सालच्या एका गाण्यातील बासची चाल त्याच वर्षी रॅपच्या पहिल्या मोठ्या लोकप्रिय गाण्याचा पाया ठरली. ज्यांनी डिस्को कान देऊन ऐकले, त्यांना त्या चालीत नव्या संगीताचे बी दिसले.

नवे गाणे चटकन नावडले तरी लगेच निकाल देऊ नये. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा समोर आल्यानेच तिच्याविषयीची आवड वाढू शकते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: सक्तीने ऐकवलेले गाणे छळ ठरते. २००६ साली सिडनीच्या एका उपनगरातील पालिकेने तरुणांची टोळकी हटवण्यासाठी, आणि २०२२ साली वेलिंग्टनमध्ये संसदेच्या सभापतींनी आंदोलकांना पांगवण्यासाठी, ध्वनिवर्धकावर बॅरी मॅनिलो लावले होते. आपली गुप्त आवड मित्रांवर लादण्यापूर्वी हे प्रसंग आठवावेत.

झाकायचेच असेल तर ते व्यवस्थित झाकावे. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपवर ‘प्रायव्हेट सेशन’ सुरू केल्यास आपण काय ऐकतो ते अनुयायांना दिसत नाही. मात्र ते काही काळाने आपोआप बंद होते, आणि नेमके तेथेच लोक फसतात. प्लेलिस्ट खाजगी ठेवता येते, तसेच ती शिफारशींसाठी विचारात घेऊ नये असेही सांगता येते. प्रवासात फोनचा ब्लूटूथ दुसऱ्याच्या गाडीला आपोआप जोडला जाणार नाही, एवढे पाहावे. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती गाडीच्या स्पीकरवर उघडली तर लाख कोठे गेले ते कळतही नाही.

एक पळवाट मात्र टाळावी, ती म्हणजे ‘मी हे गंमत म्हणून ऐकतो’ असे सांगण्याची. या वाक्याने आपण सुटतो आणि गाणारा हास्यास्पद ठरतो. शिवाय ज्याला ते गाणे मनापासून आवडते, असा कोणी समोर असेल तर त्याचाही अपमान होतो. त्याऐवजी गाण्यातली एक नेमकी जागा सांगावी: ‘दुसऱ्या अंतऱ्यानंतर ढोल थांबतो, ते ऐक.’ नेमकेपणापुढे चेष्टा फार काळ टिकत नाही.

खरी खंत वाटावी असे काही असेल, तर ते वेगळ्या खात्यात मांडावे. मिली व्हॅनिली या जोडीला नवोदित कलावंतासाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि १९९० सालीच ते परत घेतले गेले, कारण तबकडीवरचा आवाज त्यांचा नव्हताच. तेथे खरा प्रश्न होता तो ज्यांनी प्रत्यक्ष गायले त्यांच्या श्रेयाचा, आणि तो गाणे आवडते की नाही यापेक्षा निराळा आहे. अशी गाणी ऐकताना खऱ्या गायकांची नावे शोधून ठेवावीत, एवढे तरी आपण करू शकतो.

आणि तरीही कोणी अवचित खोलीत आले, तर आवाज कमी करू नये, गाणे बदलू नये, खुलासाही देऊ नये. पालुपद संपेपर्यंत थांबावे आणि मग काय काम आहे ते विचारावे. माझ्या बाबतीत असे दोनदा घडले, आणि दोन्ही वेळा आलेला माणूस दारातच उभा राहून पुढची ओळ गुणगुणू लागला.