कारागृहातील बंदी आणि प्रहरी यांचा फुटबॉल सामना कसा भरवावा

कारागृहातील बंद्यांचा फुटबॉल संघ उभा करून त्याचा सामना पहारेकऱ्यांच्या, म्हणजे मध्य प्रदेशातील पदनामाप्रमाणे प्रहरींच्या, संघाशी लावायचा असेल, तर चेंडूच्या आधी शिट्टीचा विचार करावा. कोण खेळणार हे लवकर ठरते. निर्णय कोण देणार हे ठरायला वेळ लागतो आणि सामन्याचे बरेवाईट त्यावरच अवलंबून असते. इंदूरमधील जे मराठी क्रीडाशिक्षक, निवृत्त खेळाडू किंवा कार्यकर्ते हे काम हाती घेऊ इच्छितात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

कारागृहे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असल्याने पुण्यातील किंवा वडोदऱ्यातील ओळखीच्या माणसाने सांगितलेली पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे द्यावा. आवश्यक वाटल्यास ते तो भोपाळच्या मुख्यालयाकडे पाठवतात. बाहेरून कोण येणार, कोणत्या वारी व किती वेळ थांबणार आणि कोणते साहित्य आत नेणार, एवढेच त्यात नेमके लिहावे. इंडियन ऑइलने २०२१ साली कारागृहांतील खेळांसाठी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ उपक्रमाचा दाखला जोडल्यास मागणी नवखी वाटत नाही.

खेळाडूंची निवड हे सर्वांत नाजूक काम आहे. शिक्षा झालेले, म्हणजे बोलीभाषेतले पक्के कैदी, अनेक महिने सरावाला मिळतात. विचाराधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्यांचे तसे नसते, कारण कोणाची न्यायालयात पेशी असते, कोणाला अचानक जामीन मिळतो, आणि तो मिळाल्याचा आनंद संघानेही मानला पाहिजे. म्हणून सात जणांच्या संघासाठी किमान सोळा नावे घ्यावीत. त्यांपैकी कोणाचे कोणाशी वैर आहे आणि एकाच प्रकरणातील आरोपी कोण आहेत, हे कारागृह प्रशासनालाच ठाऊक असते. यादी त्यांच्याकडून तपासून घ्यावी, पण कोणी कोणता गुन्हा केला हे आपण विचारू नये. मी ते कधीच विचारलेले नाही, आणि प्रशिक्षकाला त्या माहितीची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे. यादीतील प्रत्येकाची तपासणी कारागृहाच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. दाटीच्या बराकींत क्षयरोग सहज पसरतो, तेव्हा जुना खोकला असलेल्या माणसाला धावायला लावणे योग्य नाही. कर्णधार मात्र खेळाडूंनी स्वतः निवडावा.

अकरा जणांच्या सामन्यासाठी मैदान किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद लागते. एवढी मोकळी जागा भिंतींच्या आत क्वचितच असते, त्यामुळे सात-सात खेळाडू आणि वीस मिनिटांचे दोन डाव हे प्रमाण मला सर्वांत सोयीचे वाटते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत घोटा मुरगळायला क्षणही लागत नाही. दिवाळीनंतर जमीन वाळली की खडे वेचून, भेगा बुजवून आणि पाणी शिंपडून मैदान तयार करावे व सामना जानेवारीत ठेवावा. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास एवढा सराव पुरतो. पहिले दोन आठवडे केवळ धावणे आणि जवळच्या जवळ पास देणे एवढेच घ्यावे, कारण बराकीत बसून राहिलेल्या शरीराला एकदम जोर झेपत नाही.

साहित्याच्या बाबतीत सुरक्षेचा विचार आपणच आधी करावा, म्हणजे प्रशासनाला प्रत्येक वस्तूवर हरकत घ्यावी लागत नाही. हलते गोलपोस्ट भिंतीला टेकवले की त्यांची शिडी होऊ शकते. म्हणून ते सराव संपताच कुलपात ठेवावेत आणि खेळताना उलटू नयेत म्हणून जमिनीत घट्ट बसवावेत. जाळीची दोरी मोजून द्यावी व मोजून घ्यावी. हवा भरण्याच्या पंपाची पिन प्रशिक्षकाने स्वतःजवळ ठेवून तिची नोंद वहीत करावी. खिळ्यांचे बूट नकोत, कॅनव्हासचे चालतात. चेंडू किमान तीन असावेत, कारण एखादा भिंतीपलीकडे जाणारच, आणि तो आणायला फक्त कर्मचाऱ्यांनीच जावे.

प्रहरींचा संघ त्यांच्या रजेच्या किंवा विश्रांतीच्या पाळीतून निवडावा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कोणी केवळ आदेशाने मैदानात उतरवू नये. तो थकलेला आणि चिडलेला असतो, आणि त्याचाही खेळण्याचा आनंद आपल्याला तितकाच जपायचा आहे. त्यांच्या जर्सीचा रंग खाकी नसावा. बंद्यांच्या जर्सीवर कैदी क्रमांक न लिहिता एकपासून पुढचे साधे आकडे लिहावेत.

आता शिट्टी. माळव्यातल्या एका कारागृहात मी भरवलेल्या पहिल्या सामन्यात तेथील एक अधिकारीच पंच होते. त्यांनी प्रहरींना दिलेली पेनल्टी कदाचित बरोबरही असेल, पण बंद्यांपैकी कोणीही हरकत घेतली नाही, एकमेकांकडे पाहिले, आणि उरलेला वेळ ते फक्त उपचारापुरते धावले. ती चूक माझी होती. तेव्हापासून पंच आणि दोन्ही रेषापंच बाहेरूनच आणतो, आणि सामन्याच्या आठवडाभर आधी दोन्ही संघांना एकत्र बसवून तेच नियम त्याच शब्दांत, हिंदीतून, वाचून दाखवतो. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरील राजकीय कैद्यांनी आपापसांतल्या सामन्यांसाठी मकाना फुटबॉल असोसिएशन उभारली, तेव्हा फिफाचे नियम पाळण्याचा त्यांचा आग्रह असे. २००७ साली फिफाने त्या संघटनेला मानद सदस्यत्व दिले. नियमांबद्दलचा तोच आग्रह आपणही धरावा.

याखेरीज अधीक्षकांकडून एक लेखी आदेश अवश्य मागावा: मैदानावरील फाउलचा निकाल पंचाच्या कार्डानेच लागेल, त्यासाठी नंतर बराकीत कोणालाही शिक्षा होणार नाही आणि कोणाची मुलाकात बंद केली जाणार नाही. मारहाण झाल्यास अर्थातच कारागृहाचे नियम लागू होतील. हा आदेश दोन्ही संघांसमोर वाचून दाखवला जात नाही तोवर बंदी खेळाडू प्रहरीच्या पायातला चेंडू काढायला धजावत नाही, आणि मग प्रहरीलाही खऱ्या सामन्याचे समाधान मिळत नाही. आदेश मिळत नसेल तर सामना पुढे ढकलावा. या एका बाबतीत मी तडजोड करत नाही.

सामना दुपारी अडीचला सुरू करून साडेतीनच्या आत संपवावा, कारण सूर्यास्तापूर्वीच्या गिनतीला, म्हणजे कैद्यांच्या मोजणीला, आणि बराकी बंद करायला उशीर झाला तर पुढच्या वेळी परवानगी मिळणे कठीण होते. मैदानात येताना आणि परत जाताना अशी दोनदा गिनती होते. ती शांतपणे होऊ द्यावी. पाणी, बर्फ, प्रथमोपचाराची पेटी आणि कारागृहातील डॉक्टर मैदानालगत असावेत. छायाचित्रे घ्यायचीच असतील तर ती प्रशासनाने घ्यावीत, आणि ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांचे चेहरे बाहेर जाऊ देऊ नयेत.

सामना संपल्यावर दोन्ही संघांनी हस्तांदोलन करावे, जाळी, दोरी आणि पिन मोजून घ्यावी, आणि पुढच्या सरावाचा वार दोन्ही कर्णधारांना तिथेच, गिनती सुरू होण्यापूर्वी, सांगावा.